चार स्क्रूंच्या जागी चार हूक

आमच्या डब्याला आधी चार स्क्रू होते. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते खाली वॉचमनच्या केबिनमध्ये दाखवणारं एक यंत्र आम्ही बनवतो, त्याचा हा डबा. १२० बाय ८० मिमी, झाकणासकट ३४ मिमी उंच. आत एक सर्किट, सहा एलईडी, एक बझर. वीज बाहेरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून येते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात जोडणीची दोन टेबलं आहेत आणि झाकण बसवायचं काम बरीच वर्षं एकाच ताईंकडे आहे. दिवसाला दोनशे डबे, म्हणजे आठशे स्क्रू. इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हर असला तरी प्रत्येक स्क्रू बोटांनी उचलून भोकावर उभा धरावाच लागतो. जोर जरा जास्त झाला की आतल्या बॉसचे, म्हणजे स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या नळीत फिरतो तिचे, आटे जायचे. कधी ती नळी उभी चिरायची आणि अख्खा डबा बाद.

गेल्या पावसाळ्यात ताई मनगटाला पट्टा बांधून कामावर यायला लागल्या. एक दिवस जेवताना त्यांनी आपला प्लॅस्टिकचा टिफिन माझ्यासमोर बंद करून दाखवला. "मॅडम, हे बघा, चारी बाजूंनी टक् टक् करून बसतं. आपलं झाकण असं का नाही बसत?"

डिझाइनचं काम माझंच, त्यामुळे प्रश्न माझ्यासाठीच होता. तोवर आम्ही बाजारातला तयार डबा वापरत होतो. विक्री बऱ्यापैकी वाढली होती आणि स्वतःचा मोल्ड, म्हणजे प्लॅस्टिक ओतायचा साचा, करायचा विषय साहेबांच्या मनात होताच. त्यांनी होकार दिला, एका अटीवर: मोल्ड साधा हवा, सरकणारे भाग नकोत, खर्च आवाक्यात हवा. या अटीचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नव्हता.

सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फास्टनिंग फीचर्स नावाचा एक गट आहे. त्यात स्नॅप हूक आणि त्याच्या जोडीचा स्नॅप हूक ग्रूव्ह, अशी दोन तयार साधनं आहेत. हूकची जागा दाखवायची, दिशा सांगायची, उंची, मुळाशी जाडी, टोकाशी जाडी, नाक, म्हणजे हूकचं अडकणारं टोक, किती पुढे आणि रुंदी किती हे आकडे भरायचे. पडद्यावर हूक उभा राहतो. ग्रूव्हला तोच हूक दाखवला की समोरच्या भागात त्याच्या मापाची खाच पडते. माझे चारही हूक वीस मिनिटांत झाले. लांबी ६ मिमी, जाडी २ मिमी, नाक १.२ मिमी पुढे आलेलं. हे आकडे मी कुठल्याही हिशेबातून आणले नव्हते, डब्याच्या २.२ मिमी भिंतीशेजारी ते शोभत होते, एवढंच. सेक्शन, म्हणजे छेद, काढून पाहिलं, झाकण छान बसलं होतं, दोन भाग कुठेही एकमेकांत घुसत नव्हते.

घोळ इथेच होता. पडद्यावर झाकण बसलेलं असतं. बसताना हूकला नाकाच्या मापाएवढं मागे वाकून पुन्हा सरळ व्हावं लागतं, ते वाकणं पडद्यावर कुठेच दिसत नाही. कॅडमधला हूक दगडासारखा ताठ असतो, आणि भिंतीतून आरपार गेल्यासारखा जागेवर जाऊन बसतो.

ऑफिसमधल्या थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये झाकण काढलं. दाबलं तर दोन हूक मुळातून तुटून डब्यात पडले. पीएलए ठिसूळच असतं, असं म्हणून मी मटेरिअलला दोष दिला. मग जे कोणालाही सुचेल तेच केलं: हूक तुटला म्हणून जाड केला. २ मिमीचा २.५ केला. या वेळी चारही तुटले, आणि आधीपेक्षा लवकर.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले. एका टोकाला पक्की धरलेली पट्टी वाकवली की मुळाशी तिचा पृष्ठभाग ताणला जातो. मूळ लांबीच्या किती टक्के ताणला गेला, तो स्ट्रेन. सरळ, सगळीकडे सारख्या जाडीच्या पट्टीसाठी हिशेब असा: दीड गुणिले जाडी गुणिले वाकणं, भागिले लांबीचा वर्ग. माझ्या पहिल्या हूकसाठी १.५ गुणिले २ गुणिले १.२, म्हणजे ३.६, भागिले ६ चा वर्ग, ३६. उत्तर ०.१. दहा टक्के! जाड केलेल्या हूकसाठी साडेबारा. एबीएसच्या, म्हणजे आमच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या, डब्यासाठी मी आता अडीच टक्क्यांच्या वर जात नाही, आणि झाकण पुन्हा पुन्हा उघडायचं असेल तर ती मर्यादा तिच्या साठ टक्क्यांवर आणायची हा डिझाइन गाइडमधला जुना संकेत पाळते. म्हणजे दीड टक्का. मी त्याच्या सहा-सात पट पुढे होते.

सूत्र नीट वाचलं की जाड करणं का बाधलं ते उघड होतं. जाडी वर आहे, लांबी खाली आहे, आणि लांबीचा वर्ग आहे. लांबी दुप्पट केली की स्ट्रेन पाव होतो. जाडी वाढवली की स्ट्रेन वाढतो, आणि तेवढंच वाकवायला लागणारा जोर तर जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट, जोर आठपट. हूक ही चपटी स्प्रिंग आहे हे मला त्या कागदावर समजलं. त्याआधी तो मला खिळ्यासारखा वाटत होता, आणि खिळा जाड असला की मजबूत.

नंतरचे काही दिवस घरात जे दिसेल ते उघडत होते. टीव्हीच्या रिमोटचं बॅटरीचं झाकण, भाच्याच्या दप्तराचं बकल, पेनाचं टोपण, मिक्सरच्या तळाची जाळी. कॅलिपर घेऊन प्रत्येकाची लांबी, जाडी, नाक मोजलं. रिमोटचं झाकण बघण्यासारखं असतं. तिथे जागा इतकी कमी की सरळ लांब हूक बसतच नाही, म्हणून पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून लांबी मिळवलेली असते. काही डब्यांत हूकच्या दोन्ही बाजूंना भिंतीत उभ्या चिरा देऊन भिंतीचाच तुकडा हूकमध्ये सामील करून घेतलेला दिसला. सगळ्यांची धडपड एकच होती, कमी जागेत जास्त लांबी.

माझ्याकडे जागा होती, फक्त मी ती वापरली नव्हती. डबा ३४ मिमी उंच. हूक झाकणातून खाली १२ मिमी सोडला तरी सर्किटला लागत नव्हता. नवा हूक ठरला: लांबी १२, मुळाशी जाडी १.५, नाक १ मिमी. १.५ गुणिले १.५ गुणिले १, भागिले १४४. स्ट्रेन १.६ टक्के. शिवाय हूक टोकाकडे निमुळता केला की ताण मुळाशीच गोळा न होता लांबीभर वाटला जातो. जाडी टोकाला निम्म्यावर आणली तर तेवढ्याच स्ट्रेनमध्ये तो सुमारे १.६ पट वाकू शकतो. मी निम्म्यापर्यंत गेले नाही, टोकाला १ मिमी ठेवला, आणि स्ट्रेन दीड टक्क्याच्या बराच खाली आला. मुळाशी ०.८ मिमीची गोलाई दिली. ही गोलाई विसरून चालत नाही. धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि सूत्रातलं सुरेख उत्तर तिथे लागू पडत नाही. मूळच्या जाडीच्या निम्मी गोलाई तरी असावी.

पुन्हा प्रिंट, आणि या वेळी एक गोष्ट बदलली. आधी झाकण पालथं ठेवून हूक उभे छापले होते, म्हणजे थर आडवे, एकावर एक पापडांच्या चळतीसारखे. वाकवलं की दोन थर सुटायचे. आता एक हूक भिंतीच्या तुकड्यासह वेगळा काढला आणि प्लेटवर आडवा निजवून छापला, थर त्याच्या लांबीने गेले. तो वाकला, परत आला, शंभर वेळा वाकवला तरी टिकला. नंतर बाहेरून पावडर नायलॉनमध्ये पूर्ण डबा करून घेतला. टक् असा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी ताईंना हाक मारली. त्यांनी दाबून पाहिलं, उघडून पाहिलं, आणि म्हणाल्या, "चांगलंय. पण हे आपलं प्लॅस्टिक नाही ना?" बरोबर होतं त्यांचं. नायलॉन एबीएसपेक्षा जास्त ताण सोसतं. त्यावर बैठक कळते, मापं कळतात. एबीएसचा हूक टिकेल का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

आता मोल्ड. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून रबाळ्याला गेले. आमचे मोल्डवाले काका आधी वागळेतच होते, मग रबाळे एमआयडीसीत गाळा घेतला. २००४ साली ही लाइन प्रवाशांसाठी सुरू झाली त्याआधी ते कळव्याहून विटाव्यामार्गे बसने जायचे, हे ते दर भेटीत एकदा तरी सांगतात. पावसाळ्यात त्या गाळ्यात कूलंट आणि ओल्या सिमेंटचा मिळून एक वास असतो. मी लॅपटॉप उघडला, मॉडेल फिरवून दाखवलं. काकांनी हूकच्या नाकावर बोट ठेवलं.

"हे बाहेर कसं काढू?"

मी म्हणाले, "म्हणजे?"

त्यांनी दोन तळहात एकमेकांवर ठेवले आणि सरळ वेगळे केले. "मोल्ड असा उघडतो. वरची कॅव्हिटी वर, खालचा कोअर खाली. तुझं नाक भिंतीकडे तोंड करून आहे. त्याच्या मागे, नाक आणि झाकण यांच्या मधे, पोलाद भरलेलं असणार. ते पोलाद बाहेर येताना नाक आडवं येतं. गणपतीचा साचा रबराचा असतो, सोंड असो, हात असो, सोलून काढता येतो. माझा साचा पोलादाचा आहे पोरी."

याला अंडरकट म्हणतात, ते मला पुस्तकातून माहीत होतं. पण चार हूक म्हणजे चार अंडरकट, आणि झाकणाएवढेच डब्यात, जिथे हूक अडकतो तिथे आणखी चार, हे मी कधी मोजलं नव्हतं. काकांनी दोन रस्ते सांगितले. एक लिफ्टर: पोलादाचा तिरका दांडा, भाग बाहेर ढकलला जाताना तो वर सरकतासरकता बाजूलाही होतो आणि नाक मोकळं करतो. प्रत्येक हूकला एक लिफ्टर, आणि लिफ्टरला आत सरकायला जागा हवी. माझ्या हूकमागे ५ मिमीवर सर्किटचे खांब होते. दुसरा रस्ता साइड कोअर: डब्याच्या भिंतीत खिडक्या पाडायच्या आणि बाजूने सरकणारे ठोकळे ठेवायचे. दोन्हींत खर्च आणि दोन्हींत झीज. साहेबांची अट मला तेव्हा कळली.

तिसरा रस्ता काकांनी चहा पिताना काढून दाखवला, कपाखालच्या कागदावर. नाकाच्या बरोबर वर झाकणालाच भोक ठेवायचं. मग वरच्या कॅव्हिटीतली पोलादी पट्टी त्या भोकातून खाली उतरून नाकाची मागची बाजू घडवते, आणि मोल्ड उघडला की सरळ वर निघून जाते. काही सरकत नाही, काही तिरकं चालत नाही. डब्यातही तेच उलटं: भिंतीतून आत आलेल्या कंगोऱ्याच्या बरोबर खाली तळाला भोक, खालून वर येणारी पट्टी. पोलादाला पोलाद घासून बंद होतं, म्हणून याला शट-ऑफ म्हणतात.

"पण झाकणाला वर भोकं?" मी विचारलं. ग्राहकाच्या तोंडासमोर चार चिरा दिसणार होत्या.

काकांनी खांदे उडवले. "ते तू बघ."

परतीच्या गाडीत, ऐरोली आणि दिघ्याच्या दरम्यान, मला लेबल आठवलं. झाकणावर एलईडीच्या खुणा छापलेलं पॉलिएस्टरचं लेबल असतं आणि ते बसावं म्हणून झाकणात उथळ खोलगट चौकोन असतो. तो चौकोन कडेपासून ३ मिमीवर सुरू होतो. हूक जर भिंतीला न चिकटवता थोडे आत घेतले, कडेपासून ५ मिमीवर, तर भोकं लेबलाखाली जातात. ठाणे स्टेशनवर उतरून मी बाकावर बसले आणि वहीत सेक्शन काढला. भोक ३.२ ते ५ मिमीपर्यंत, म्हणजे १.८ मिमी रुंद. डब्यातला कंगोरा भिंतीतून २.७ मिमी आत. नाक त्याच्याखाली जाऊन अडकतं. आकडे जुळले. तळाची भोकं केबिनच्या भिंतीकडे असतात, ती दिसत नाहीत. मुंग्या शिरू नयेत म्हणून त्यांवर फोमचा टेप लावायचा.

या रचनेचा एक फायदा मला नंतर सेक्शन बघताना कळला. झाकण दाबताना हूक आत वाकतो, त्यामुळे ताणली जाते ती त्याची बाहेरची बाजू. आणि बाहेरच्या बाजूला मुळाशी आता कोपराच नाही. भोकामुळे हूकचा तो पृष्ठभाग सरळ झाकणाच्या वरपर्यंत जातो. जिथे भेग सुरू व्हायची ती जागाच नाहीशी झाली. मी फार खूश झाले होते. त्या भोकाची दुसरी बाजू पुढे कळायची होती.

कोनांवर मी बराच वेळ घालवला, आणि तो कारणी लागला असं आजही मानते. हूक वाकवायला लागणारा जोर आणि झाकण दाबायला लागणारा जोर एक नाही. नाकाचा उतार आणि घर्षण मधे येतात. एबीएसवर एबीएस घासताना घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर ४५ अंशांच्या उतारावर दाबायचा जोर वाकवायच्या जोराच्या चौपट होतो. ३० अंशांवर तो १.८ पटच राहतो. माझ्या ६ मिमी रुंद हूकला वाकवायला ढोबळमानाने ६ न्यूटन. म्हणजे चारही हूक एकदम बसवायचे तर ४५ अंशांवर जवळजवळ दहा किलोचा दाब, ३० अंशांवर ४.४ किलो. दिवसाला दोनशे वेळा दाबणारं मनगट ताईंचं होतं, त्यामुळे इथे विचार करायला काही उरलंच नाही. शिरताना ३० अंश. बाहेर येतानाच्या बाजूला मात्र मी ४५ ठेवले. तीच चौपट तिथे हवी होती: झाकण सहज निघू नये, पण दुरुस्तीला आलं तर निघावं. तो कोन साठ अंशांच्या आसपास नेला की घर्षणानेच हूक अडकून बसतो आणि नुसतं ओढून कधीच सुटत नाही. कडेला एक छोटी फट ठेवली, रुपयाचं नाणं घालून पिळलं की झाकण उघडतं.

काकांनी मॉडेल घेतल्यावर दोन गोष्टी बदलायला लावल्या. पोलादाला पोलाद घासतं त्या शट-ऑफच्या बाजूंना मी एक अंश ड्राफ्ट, म्हणजे उतार, दिला होता, त्यांनी तीन मागितले. सरळ बाजू घासून लवकर झिजतात आणि मग फटीतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, फ्लॅश, यायला लागतो. दुसरं, नाक १ मिमीऐवजी ०.८ करून दे म्हणाले. "पोलाद नंतर कापता येतं, परत लावता येत नाही. आधी नाक लहान ठेव. सैल वाटलं तर मी खोदून मोठं करेन." मोल्डमध्ये पोलाद काढलं की भागावर प्लॅस्टिक वाढतं, हे उलटं गणित डोक्यात बसायला मला वेळ लागला. आज प्रत्येक मापाशी मी स्वतःला विचारते, हे चुकलं तर काका कापून दुरुस्त करू शकतील ना?

पहिल्या ट्रायलला गेले तेव्हा शंभर टनाचं मशीन चालू होतं. एबीएसचा दाणा सकाळपासून ८० अंशांवर ड्रायरमध्ये वाळवलेला. पावसाळ्यात हे टाळलं तर भागावर चंदेरी रेघा उठतात. पहिले काही शॉट अर्धवट आले, मग दाब वाढवला आणि पूर्ण झाकण हातात आलं, गरम, काळं, कोऱ्या प्लॅस्टिकच्या वासाचं. मला लगेच डब्यावर दाबायचं होतं. काकांनी हात धरला. एबीएस थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. दोन हूकमधल्या शंभर मिमीवर अर्धा मिमी. "उद्या मोज."

दुसऱ्या दिवशी वागळेत आम्ही तीस डबे जोडले. आवाज आला, बैठक ठीक होती. पण अकरा झाकणांचे हूक दुसऱ्या-तिसऱ्या उघडझापीत तुटले. आणि तुटलेले सगळे एकाच लांब बाजूचे दोन हूक, समोरच्या बाजूचा एकही नाही. गेट, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक आत शिरतं ती जागा, त्याच बाजूच्या मध्यावर होतं. मला उलट वाटत होतं. गेटजवळचं प्लॅस्टिक गरम, चांगलं दाबलेलं. तुटलाच तर दूरचा हूक तुटावा.

तुटलेलं झाकण ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं तेव्हा दिसलं. भोकाच्या मागून, बरोबर हूकच्या मुळाशी, केसाएवढी बारीक रेघ. प्लॅस्टिक गेटमधून येत होतं, वाटेत शट-ऑफची पट्टी लागत होती, प्रवाह तिच्या दोन बाजूंनी फुटून मागे पुन्हा मिळत होता. नदीत खांबामागे पाणी मिळतं तसं. फक्त प्लॅस्टिक तोवर किंचित गार झालेलं असतं, दोन तोंडं पूर्ण एकजीव होत नाहीत. ही वेल्ड लाइन. गेटच्या बाजूला प्रवाहाला आधी भोक आणि मग हूक लागत होता, म्हणून रेघ नेमकी मुळात. समोरच्या बाजूला आधी हूक, मग भोक. तिथे रेघ हूकच्या पलीकडे, कडेच्या भिंतीत पडत होती आणि कोणाला त्रास देत नव्हती. ज्या भोकाने माझा कोपरा वाचवला होता, त्यानेच हूक कापला होता.

मी काकांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, पहिलं वाक्य: "गेट हलवू." लांब बाजूवरून आखूड बाजूवर नेलं. आता प्रवाह भोकाच्या लांबीने जातो, त्याच्या समोर फक्त १.८ मिमीचं टोक येतं, आणि जी काही रेघ पडते ती हूकच्या शेजारून पुढे निघून जाते. जुनं गेट बुजवायला आणि नवं कापायला चार दिवस लागले. मोल्ड खोललाच होता तेव्हा काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांना वाईट वाटत होतं: हूकच्या आतल्या बाजूची ०.८ ची गोलाई इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे ठिणगीने पोलाद कोरणाऱ्या तुकड्यात, राहून गेली होती. भागावरची आतली गोलाई म्हणजे पोलादावर घासलेली धार, ती मुद्दाम करावी लागते, नाहीतर आपसूक टोकदारच राहते. तीही केली. त्यानंतर मी ड्रॉइंगवर हूकच्या मुळाचं मोठं करून वेगळं चित्र देते. नुसतं मॉडेल पाठवलं की इतकी लहान गोलाई कोणाच्याही नजरेतून सुटू शकते.

दुसऱ्या ट्रायलचे हूक तुटले नाहीत. ०.८ चं नाक ताईंना सैल वाटलं. झाकणाचा कोपरा अंगठ्याने उचकटला की सुटायचा. काकांनी नाक १ मिमी केलं, सांगितल्याप्रमाणे खोदून. झाकण खडखडेल अशी मला धास्ती होती, कारण हूक आणि कंगोरा यांत उभी ०.१५ मिमी फट ठेवली होती. पण ४५ अंशांचा उतार पाचरीसारखा काम करतो. हूक सरळ होताना त्या उतारावर जितकं वर चढता येईल तितकं चढतो आणि फट स्वतःच खाऊन टाकतो. हे मी ठरवून केलेलं नव्हतं, त्यामुळे मुद्दाम नोंदवते. ज्याला काटकोनातलं नाक लागतं, त्याला ही फट फार काटेकोर ठेवावी लागेल.

एक परीक्षा राहिली होती. एबीएस सतत वाकलेल्या अवस्थेत ठेवलं, त्यातही उष्णतेत, तर ते हळूहळू त्याच आकारात रुळतं आणि हूकचा जोर जातो. म्हणून बंद झाकणात हूक जवळजवळ सरळ, मोकळा उभा असायला हवा. वाकणं फक्त त्या क्षणापुरतं. वॉचमनच्या केबिनला बहुतेक ठिकाणी पत्रा असतो. मे महिन्यात दहा डबे बंद करून आमच्या गाळ्याच्या पत्र्याखाली, अगदी पत्र्याला लागून, तीन आठवडे ठेवले. ठेवण्याआधी समोरासमोरच्या हूकमधलं अंतर कॅलिपरने मोजून प्रत्येक झाकणाच्या आत मार्करने लिहिलं होतं. उघडल्यावर पुन्हा मोजलं. जास्तीत जास्त फरक ०.१ मिमी. ताईंनी ते दहाही डबे उघडझाप करून पाहिले.

झाकण बसवायची त्यांची पद्धत मी ठरवून दिलेली नाही. मी चारही हूक एकदम दाबायचा हिशेब केला होता. ताई आधी एक लांब बाजू तिरकी घालतात, दोन टक् एकत्र ऐकू येतात, मग तळहाताने दुसरी. म्हणजे एका वेळी दोनच हूक, दोन-सव्वादोन किलो. सर्किटची वायर तिरक्या बाजूला दबू नये म्हणून त्यांनी कनेक्टर फिरवून दुसरीकडे घ्यायला सांगितला, ते पुढच्या सर्किटमध्ये होईल. लेबलाखालची भोकं दुपारच्या तिरक्या उजेडात अजून किंचित जाणवतात. जाड पॉलिएस्टरचा नमुना मागवलाय.

गच्चीवरचं सेन्सरचं युनिट मात्र स्क्रूंवरच ठेवलंय. त्याला रबरी गॅस्केट लागतं, ते चारी बाजूंनी सारखं आणि कायम दाबलेलं राहावं लागतं, आणि जो हूक मोकळा उभा असायला हवा त्याच्याकडून ते काम होत नाही. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी युनिट हातात घेऊन उलटसुलट केलं, रोज किती लागतात विचारलं. पंधरा-वीस, मी म्हणाले. त्यांनी स्क्रूची वाटी पुढे ओढली.